आक्काचं पाणी

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, पण आमच्या चिखलीत त्याला मोठा मान होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीत हलकी लाथ घालायचे. गावातल्या भल्या भल्या मिशीवाल्यांना मी लाथा घातल्या आहेत आणि वर त्यांच्याकडूनच गुळाचा खडा घेतला आहे. असं भाग्य किती पोरींच्या वाट्याला येतं! पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला आतल्या खोलीत कोंडायची. एवढाच काय तो जाच.

दुसरं काम पाण्याचं. कुणाला नवी विहीर घ्यायची असली की मला रानातून अनवाणी फिरवायचे. यात ढोंग नव्हतं. तापलेल्या ढेकळांवरसुद्धा एखाद्या जागी तळपायाला गार लागायचं आणि मी थांबायचे. तिथे दगड ठेवून खणायला घेत. बहुतेकदा पाणी लागायचं. का लागायचं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

या सगळ्याला घरात हसणारी एकटी माझी थोरली बहीण, आक्का. दुपारची मी जरा आडवी झाले की ती ओल्या हाताने माझ्या तळपायांवर थेंब शिंपडायची आणि तोंड गंभीर करून विचारायची, "सांगा बाई, किती हातावर हाय पानी?" मी चिडून पाय झाडायचे. ती पदर तोंडात कोंबून हसायची. तिचं लग्न झालं, ती चाकणकडे सासरी गेली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दुपारी झोप मुळी तिच्यामुळेच यायची.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मी तेव्हा पंधरा वर्षांची असेन. मुलगी झाली. दोन-चार दिवसांत आक्काला ताप भरला. त्या काळी बाळंतिणीला पाणी देत नसत. पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं म्हणायचे. वावडिंग घालून उकळलेलं कोमट पाणी, तेही घोटभर, एवढंच मिळायचं. आक्का पाणी मागायची. आई म्हणायची, "जरा दम काढ, माझी बाय. तुझ्याच भल्याचं हाय." हे आईने मनाने काढलं नव्हतं. तिच्या आईने तिलाही तसंच ठेवलं होतं, आणि सुईण दारात बसून लक्ष ठेवत होती. आक्का मागत राहिली. मग मागायची थांबली. आम्हाला वाटलं, ताप उतरला.

पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. आमच्या गावचे गडी तिथे पाया खोदायला जायचे. असल्या तापावरचं औषध तिथे तयार होणार, हे आम्हाला फार पुढे कळलं. त्या दिवसांत तिथे नुसत्या भिंती होत्या.

आक्काला नेलं तेव्हा मी रडले नाही. बायकांनी ते टिपलं, एकीने मला चिमटाही काढून पाहिला. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाभळीचा काटा पायात मोडला होता, तो मला शेजारणीने दाखवला तेव्हा कळला. तेराव्यानंतर एक जण कंबर धरून आला, पालथा पडला, मी लाथ घातली. त्याने गूळ दिला. मी तो खाल्ला. गोड होता.

बाळाला तिच्या बापाकडची माणसं घेऊन गेली, आणि त्याच दिवसापासून आईने पाणी सोडलं. भाकरीचा घास उतरावा म्हणून ताकाचा घोट घ्यायची, पण तांब्याला तोंड लावेना. दिवस उन्हाळ्याचे. तिचे ओठ फुटले, बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. एकदा रानात चक्कर येऊन पडली. वडिलांनी हात जोडले तर म्हणाली, "पोर तिकडं पानी मागती का, एवढं मला हिच्याकडून कळू द्या. मागत नसंल तर पिते." हिच्याकडून म्हणजे माझ्याकडून. पायाळूला जमिनीखालचं दिसतं, तर मेलेलं माणूस का दिसू नये, असा तिचा हिशेब.

वडील मला गोठ्यात घेऊन गेले. "बघ बाय," ते म्हणाले. "न्हाई तर ही बी जाईल." माझ्याशी इतकं अजीजीने ते कधी बोलले नव्हते.

मोशीहून अंजन लावणारी एक म्हातारी आणली. भर दुपारी दार लावून तिने दिवा पेटवला, विड्याच्या पानाला काळंभोर अंजन फासलं आणि ते माझ्या हातात दिलं. अंजनात आधी झाडणारा येतो, मग पाणी शिंपडणारा, आणि जागा स्वच्छ झाली की ज्याला बोलवायचं ते माणूस येतं, अशी त्याची रीत. आई समोर बसली होती. तिच्याजवळ भरलेला तांब्या होता.

"झाडनारा आला का?" म्हातारीने विचारलं.

"न्हाई."

"पानी शिंपडनारा?"

मला आक्काचा ओला हात आठवला. मी तळपायांकडे लक्ष लावलं. पाय होते की नव्हते तेही कळत नव्हतं. पानावर दिव्याची ज्योत दिसत होती आणि माझं नाक.

एक शब्द बोलायचा होता. प्यायली म्हण, खुशाल आहे म्हण, की आई वाचली. वडील दाराशी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कुनीच न्हाई, आय," मी म्हणाले.

"पानी मागत न्हाई ना?"

"तिथं कुनीच न्हाई."

म्हातारी धंद्यात मुरलेली होती. ती लगेच म्हणाली, "दिसत न्हाई म्हंजी अडकली न्हाई. सुटली तुझी पोर." आईने माझ्याकडे पाहिलं. मग कडू काढा घ्यावा तसा तांब्या तोंडाला लावला. वडील बाहेर जाऊन मोठ्याने रडले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मला एवढंच कळलं होतं, की आक्का कुठेच नाही. मी पान उकिरड्यावर टाकलं आणि हात राखेने घासले.

त्यानंतर माझ्या पायांना पुन्हा गार लागलं नाही. एक-दोन विहिरी कोरड्या निघाल्यावर लोकांनी बोलावणं सोडलं. पुढे माझंही लग्न झालं. आईने त्या दुपारचा विषय कधी काढला नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, आक्का बाळंत झाली त्याच खोलीत झालं. सुईणही तीच, आता वाकलेली. आई तांब्या घेऊन आत आली तशी सुईण ओरडली, "आगं, पानी कशाला?"

"तू भायेर हो," आई म्हणाली. तिला कुणाशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि गार, माठातलं पाणी पाजायला लागली. मी पोटभर प्यायले. "पुरे, आय," म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. पाणी माझ्या गळ्यावरून खाली चाललं होतं. मग तिने आक्काच्या नावाने हाक मारली.

मी ओ दिली, आणि आणखी प्यायले.