जागा सोड म्हणून मीच सांगितलं

बायको गेल्यावर मुलीनं मला कोल्हापूरहून आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला आणलं. ती इथं डॉक्टर. मला काम एकच, नातीचा फुटबॉल बघायचा. नात कॉलेजच्या टीममध्ये, पहिल्याच वर्षी, मागच्या फळीत.

मी सातवी नापास. पण तालमीच्या टीमकडून पंधरा वर्षं फुटबॉल खेळलो. आमच्याकडं कोच कुठला? ज्याच्या पायात होतं तो बॉल घेऊन सुटायचा आणि कडेला उभी राहिलेली अख्खी पेठ ओरडून त्याला खेळवायची. नातीच्या पायात ते आहे. आणि तिची कोच, पांढऱ्या केसांची बाई, महिनाभर एकच शिकवत होती : जागा सोडायची नाही.

मॅचच्या सकाळी मी म्हटलं, "ती म्हातारी तुला खुंट्याला बांधती. बॉल मिळाला की सूट."

"आबा, शी विल किल मी."

"कशाची मारती! गोल झाला की उचलून घेईल."

सुटली पोरगी. तिघींना चकवलं. मी कडेनं पळत ओरडतोय, "एकटी जा, कुणाला देऊ नको!" चौथीनं बॉल काढून घेतला. मागं हिची जागा मोकळी. गोल झाला. त्या एका गोलनंच हरलो.

कोचनं तिला बाहेर घेऊन विचारलं, कुणी सांगितलं तुला? तेवढं इंग्रजी मला कळतं.

"नोबडी," पोरगी म्हणाली. "माय आयडिया."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही, बुटाचा चिखल बघत राहिलो. बायको असती तर म्हणाली असती, "बोला की आता, मघाशी गळा फुटत होता." ती बघायला नाही, हे मला त्या घडीला बरं वाटलं. वर्षभर तिच्यासाठी रडणारा माणूस मी. त्याचीच लाज जास्त वाटते.

पुढच्या मॅचच्या यादीत नातीचं नाव नव्हतं. मग मुलीला घेऊन सरावाला गेलो, बाईसमोर हात जोडले. "माय मिस्टेक. आय टोल्ड."

बाई जे बोलली ते मुलीनं मराठीत सांगितलं. "म्हणतात, तुमचं ओरडणं साऱ्या ड्रोहेडानं ऐकलं. पण जागा सोडून पळाली ती. असे पाय दरवर्षी दोन-तीन येतात, थांबायला शिकतात तेच टिकतात. चार मॅच ती बाहेर बसून शिकेल."

घरी येताना नात गाडीत म्हणाली, "आबा, तू मॅचला नको येऊस आता." रागानं नाही, हळूच.

मी बरं म्हणालो.