काकूंचा हात आणि कोठीची किल्ली

ती गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि या जन्मात विसरेन असं वाटतही नाही. पेशवाईत मी पुण्याच्या कोतवालीत चाकरी केली. त्यातली बरीच वर्षं नारायण पेठेची चावडी माझ्याकडे होती. आता धायरीला राहतो, शेताकडे बघतो. भेटायला येणारे दरोडे नि खुनांच्या गोष्टी विचारतात, आणि मी त्यांना एका नथीची गोष्ट सांगतो. तोंडं वाकडी करतात, करोत बापडे. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून पेठेत नांदताहेत.

पेठेतल्या एका सावकाराच्या मुलीचं लग्न होतं. दुपारच्या पंगती चालू असताना नवरीची मोत्यांची नथ कोठीच्या खोलीतल्या पेटीतून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच्या फिरण्याच्या बंदीची तोफ झाल्यावर हिंडताना धरलेल्या लोकांना समज देऊन मी सोडत होतो, तेवढ्यात सावकाराचा मेहुणा चावडीवर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "चोर मी सांगतो. स्वयंपाकीण! कोठीतून बाहेर पडताना मी अंगणातून पाहिली."

"चेहरा पाहिलात?"

"चेहरा कशाला हवा? लाल अलवण, कपाळावर ओढलेला पदर, वाकलेली चाल. अहो, मी आंधळा आहे का?"

"तसं मी अजून म्हटलेलं नाही," मी म्हणालो, आणि दोन प्यादे घेऊन निघालो.

ही स्वयंपाकीण म्हणजे पेठेतल्या सगळ्यांच्या काकू. तरुणपणीच नवरा गेलेला, मागेपुढे कुणी नाही. लग्नामुंजीतला स्वयंपाक करून पोट भरायच्या. मी त्यांची जबानी घेतली. कोठीत गेला होतात का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "शंभरदा गेले. तूप काय अंगणात ठेवतात?" डोळ्यांत टिपूस नाही. त्यावरही मेहुणा म्हणाला, बघा कशी निगरगट्ट आहे! रडल्या असत्या तर म्हणाला असता, बघा कशी घाबरली. चावडीवर चोरही रडतो नि सावही रडतो, त्यावरून काही ठरवू नये हे मी फार लवकर शिकलो होतो.

काकूंचं गाठोडं झाडलं, चुलीतली राख चाळली, आडात माणूस उतरवला. नथ नाही.

तेव्हा काकूंनी दिव्य करून दाखवावं, अशी सावकाराने मागणी केली. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी पंचांसमोर उघडून पाहायचा. भाजला असेल तर माणूस खोटा. कोतवालांचा निरोप आला की आधी चौकशी पुरी करून निश्चित काय ते कळवा, मग दिव्याची परवानगी हुजुरातून आणता येईल. सावकार वजनदार होता, परवानगी मिळणारच होती. काकू तर पुढे होऊन म्हणाल्या, "घालते हात. एकदाचं मिटू दे."

"हात गेला तर खाल काय?" मी विचारलं.

"आणि अब्रू गेली तर कोण स्वयंपाकाला बोलावणार आहे?"



दिव्याआधी हातावरच्या जुन्या खुणा पाहून ठेवण्याची रीत आहे, नाहीतर जुना डाग नवा समजला जायचा. पंचांनी काकूंचे हात उजेडात धरले. कोपरापर्यंत चटक्यांचे डाग! कुठे तव्याचा, कुठे तुपाचा, जुना कुठला नि ताजा कुठला काही कळेना. पंच एकमेकांकडे बघत असताना मेहुणा हसून म्हणाला, "स्वयंपाकिणीचा हात तो. तिला काय भाजतंय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे भाजला तर चोर, आणि नाही भाजला तर सरावलेली चोर. वा! मग तेल तरी कशाला तापवताय? कढईतल्या तेलाला घारगा आणि हात यांतला फरक कळत नाही. तुम्हाला तरी कळावा." त्याच क्षणी मी ठरवलं, या बाईचा हात कढईत जाऊ द्यायचा नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.

मी मेहुण्याला अंगणात, तो म्हणाला होता त्याच जागी, भर दुपारी उभा केला. लग्नघरात अलवण नेसणाऱ्या विधवा बायका आणखीही होत्या. त्यांतल्या दोघींना आणि काकूंना आत बोलावून विनंती केली की पदर पुढे ओढून एकेकीने कोठीतून स्वयंपाकघरात जावं. पहिली गेली. दुसरी गेली, आणि मेहुणा ओरडलाच, "हीच! शपथेवर सांगतो, हीच ती चाल!"

मी त्या बाईंना पदर मागे घ्यायची विनंती केली. ती सावकाराची थोरली बहीण होती. त्या घरात सगळे जिच्या पाया पडत, ती. मेहुण्याचा चेहरा उतरला. 

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग, तेल तापवायचं ना? हात माझा घालायचा का?"

"ताई, काय बोलतेस हे!" सावकार म्हणाला.

"काकूंचं नाव घेताना तुझी जीभ अडखळली नाही, म्हणून विचारलं."

सावकार माझ्याकडे वळला. "माझ्या बहिणीवर संशय घेता?"

"नाही. पण साक्ष ही एवढीच होती, आणि ती आता कुणालाच लागू होत नाही."

"मग चोर कोण?"

"मला ठाऊक नाही."

संध्याकाळी कोतवालांनी मला समोर उभं केलं. "ठाऊक नाही म्हणण्यासाठी सरकार तुम्हाला पोसतं का?"

"ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणण्यासाठीही पोसत नाही," मी म्हणालो. "शोध मी सोडणार नाही. पण आज कुणाचं नाव मागाल तर ते मनाचं असेल."  कोतवालांनी दिव्याची गोष्ट बाजूला ठेवली. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

काकूंना हे सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि विचारलं, "ते राहू दे. तुम्हाला काय वाटतं? मी घेतली?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणू नये, यासाठीच मी दिवसभर साऱ्या घराशी भांडलो होतो. म्हणालो, "काकू, मला ठाऊक नाही."

त्यांचा चेहरा पडला. "एवढं केलंत, आणि मनात संशय ठेवलातच." त्या आत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

नथीचा शोध मी पुढेही चालू ठेवला. सोनारांना ताकीद दिली, बाजारात येणारे मोती पाहिले, घरातल्या गड्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. नथ मिळाली नाही. ती चोरीला गेली की गर्दीत कुठे पडली, हेही कळलं नाही. आधी मला याचा त्रास व्हायचा, कुणाचं तरी नाव घेऊन मोकळं व्हावंसं वाटायचं. हळूहळू कळलं की तो मोह आवरणं हेच आमचं निम्मं काम आहे. न कळलेली गोष्ट न कळलेली म्हणून जवळ बाळगायची, आणि तरीही माणसांशी वागायचं कसं ते ठरवायचं. बऱ्याच जणांना हे न कळणं सोसत नाही, म्हणून ते तेल तापवतात.

पुढे काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. स्वयंपाकाला काकूंनाच बोलावायचं, असं मी घरात सांगितलं. दागिन्यांची पेटी कोठीत राहणार होती, आणि कोठीची किल्ली स्वयंपाकिणीकडे. पत्नी म्हणाली, "अहो, खात्री आहे ना तुमची?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. किल्ली दे."

मी ती काकूंच्या हातावर ठेवली. जुन्या डागांनी भरलेला तो हात तसाच उघडा राहिला. त्या किल्लीकडे बघत म्हणाल्या, "आता तरी ठाऊक झालं का?"

"नाही हो, काकू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या. किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बरं, डाळ कुणी भिजत घातली आहे की तेही तुम्हाला ठाऊक नाही?"