पिराचा बोकड

आपल्या घरामागं हिवाळ्यात काय उगवतं, हे वत्सलाबाईला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. त्याआधीचे सगळे हिवाळे तिनं दुसऱ्याच्या उसात काढले होते. सिरसाळ्यापासून थोडं आत तिचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव टोळ्या करून कारखान्यांच्या वाटेला लागतं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिचा नवरा बिभीषण वारला तेव्हा वत्सलाबाई अर्धा कोयता उरली. अर्धा कोयता कुठलाच मुकादम नेत नाही. ती घरी राहिली.

पहिला हिवाळा तिनं ओस पडलेल्या गल्लीकडं बघत काढला. दुसऱ्या वर्षी न्हाणीचं पाणी मागं वळवलं, दोन वाफे केले, मेथी टाकली, वांगी लावली, कडेनं मिरची. वांग्याचं जांभळं फूल तिनं जन्मभर पाहिलं होतं. पण तेच फूल आज कळी, उद्या उमललेलं, परवा वांगं झालेलं असं ओळीनं बघायला मिळणं ही गोष्ट नवी होती. परळीच्या वीजकेंद्राकडून राखेचे ट्रक जात, वारा फिरला की मेथीवर करडी पूड बसे. ती सकाळी पानं धुवून काढी. या वयात मेथीला आंघोळ घालायची वेळ आली, असं ती कोंबड्यांना सांगे, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

कोंबड्याही तिच्या नव्हत्या. टोळीला जाणारे घराची किल्ली तिच्याकडं ठेवत आणि किल्लीबरोबर जनावर. अंडी राखणारीची, पिल्लं निम्मी-निम्मी, हा जुना करार. शेळ्या, मांजरं, एकदा एक पाय मोडलेलं कुत्रं. बाग आणि जनावर ही दोन्ही सुखं एका आवारात नांदत नाहीत, त्यातलं एक सुख दुसऱ्याला खातं, हे तिला लवकरच कळलं. पण नाही म्हणायचं कुणाला आणि कसं? हीच माणसं उन्हाळ्यात तिचा शेजारपाजार होती.

त्या वर्षी शेजारच्या छबुबाईनं बोकड आणून सोडला.

"वत्सला, ह्यो पिराचा हाय. कान बघ."

बोकडाच्या डाव्या कानाला चीर होती. सून सायली गरोदर असताना छबुबाईनं गावाबाहेरच्या पिराला कंदुरी बोलली होती. लेकरू सुखरूप झालं, की बोकड कापून गावाला जेवण. लेकरू झालं होतं, सायलीच्या कडेवर अंगठा चोखत होतं. कंदुरी मात्र टोळी परतल्यावर.

"मग तुमच्यासंगं न्या की."

"फडावर नेऊ? मुकादमाच्या पोटात जाईल ना माय, पिराच्या आधी." छबुबाईनं नियम सांगितले. "दावं लावायचं न्हाई. काठी उगारायची न्हाई. शिवी द्यायची न्हाई."

"शिवी बी न्हाई?"

"मनातल्या मनात दे."

"आन मेलाबिला तर?"

छबुबाईनं नातवाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "लेकराचा नवस हाय, बाई." एवढ्यावरून वत्सलाबाईला समजलं, की आपल्याला बोकड नव्हे, लेकरू राखायला दिलंय.

बोकडाला आपली पदवी ठाऊक असावी. बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्यानं शिंगानं बाजूला सारलं. त्यावर बांधलेली जुनी लुगडी त्यानं आधी खाल्ली, मग वांगी. धुतलेली मेथी त्याला विशेष आवडे. "या, पीरसाहेब," वत्सलाबाई म्हणे, "मिरची तेवढी ऱ्हायलीया." काठी नाही, शिवी नाही, पण पाण्याबद्दल छबुबाई काही बोललेली नव्हती. वत्सलाबाई दारात उभी राहून त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी फेकी. सुरुवातीला बोकड शेपटापर्यंत अंग झाडून पळे. संक्रांतीनंतर तो नुसता डोळे मिचकावू लागला. शिवरात्रीपर्यंत त्यानं हे स्नान दिनक्रमात घेतलं होतं. पाणी पडेपर्यंत थांबायचा आणि मग खायला लागायचा.

एके दिवशी ती दळण घेऊन आली, तर मेथीचा अख्खा वाफा नाहीसा झालेला आणि बोकड न्हाणीपाशी आडवा. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा मेथीचं वाईट वाटलं. मग सायलीच्या कडेवरचं लेकरू आठवलं आणि तिच्या हातातलं पीठ सांडलं.

निंबाची काडी त्याच्या तोंडात आडवी घालून तिनं शिंगांना सुतळीनं बांधली, म्हणजे चघळत राहील. गोडेतेलात हिंग घालून पाजलं. उठवून, ढकलून, रिकाम्या गल्लीतनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बसला की कूस चोळायची, उठला की फिरवायचं. कुलूप लावलेल्या दारांपुढून एक बाई एका बोकडाला मिठी मारून दिवसभर चालत होती. चोळताना हात त्या चिरलेल्या कानाला लागला, की तेवढ्या दुखण्यातही तो थरथरून सगळं अंग झाडी; मग ती कान सोडून बाकी चोळी. उन्हं कलताना त्यानं एक लांब ढेकर दिला. वत्सलाबाई तिथंच मातीत बसली. कापायच्या जनावराला जगवायला आपण एवढा जीव टाकला, यात काही गंमत आहे असं तिला वाटलं नाही. तेवढी सवड नव्हती.

त्यानंतर बोकड तिच्या मागं मागं फिरू लागला. वांगी खाणं त्यानं थांबवलं नाही. फक्त आता तिच्याकडं बघत खाई.

पाडव्यानंतरच्या गुरुवारी कंदुरी ठरली. पिराच्या निंबाखाली चुली पेटल्या, बायका भाकरी थापायला बसल्या. सिरसाळ्याहून फळांचा गाडा बंद ठेवून दिलावरभाई आले होते. हलाल करायचं काम त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडं. गावची रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे पिरानं कबूल केलं. दिलावरभाईंच्या धर्मात हे कलम कुठंच नव्हतं, पण गावच्या कलमासाठी ते दर वेळी सुरी जमिनीला टेकवून थांबत.

छबुबाईच्या मुलानं, जीवननं, पाणी शिंपडलं. बोकड उभा. परत शिंपडलं. बोकडानं डोळे मिटले. मग कळशीच ओतली. बोकड जरा पुढं सरकून नीट पाण्याखाली आला.

"आंघोळीला आलंय का बे हे?"

"थंड पाणी हाय, ऊन करून घाला."

पोरं हसली. मग कुणी तरी म्हातारं मागून म्हणालं, "पिराला मंजूर दिसत न्हाई," आणि हसणं थांबलं.

"कुणाचं काय चुकलं, सांगा आत्ताच," छबुबाई रडवेली होऊन म्हणाली. माणसं आपापल्या चुका मनात चाळू लागली. पुष्कळ निघाल्या असाव्यात, कारण कुणीच बोलेना. नक्की काय चुकलंय हे तिथं एकट्या वत्सलाबाईला ठाऊक होतं. एका हिवाळ्याचे तांबे त्या पाठीवर रिकामे झाले होते. आणि कुठं हात लावला की हा झाडतो, हेही तिलाच ठाऊक होतं.

गप्प बसलं तर काय होईल, याचा तिनं सावकाश विचार केला. पिरानं नाकारलेला बोकड कुणी कापणार नाही, कुणी घरातही घेणार नाही. तो मागल्या दारानं तिच्याच वाफ्यात येईल. आणखी एक वर्ष वांगं दिसणार नाही. हे तिला परवडत होतं. ती तसं ठरवतच होती.

तेवढ्यात सायलीनं लेकराच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तिनं हात काढला, आणि परत लावला. मग उलटा तळवा करून लावला.

वत्सलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उठली. "सरका."

बोकडानं तिच्या हाताचा वास घेतला. तिनं ओल्या पाठीवरून हात फिरवत वर नेला आणि बोटांत डावा कान धरला. बोकड नाकापासून शेपटापर्यंत थरथरला; पाणी चारी बाजूंच्या माणसांवर उडालं. "झाडलं! झाडलं!" एकच गलका झाला. छबुबाईनं तिथूनच पिराला दंडवत घातला.

दिलावरभाई जवळ उभे होते. सुरी उचलता उचलता त्यांनी हळूच विचारलं, "बाई, पाण्यानं झालं का हातानं?"

"तुमाला कावून पायजे?"

"मला न्हाई पायजे. वर इचारलं तर सांगावं लागंल."

"वत्सलानं केलं म्हणा."

दिलावरभाईंनी मान हलवली आणि बोकडाचं तोंड पश्चिमेकडं वळवलं. वत्सलाबाई चुलीपाशी गेली आणि पाठ करून भाकरी थापू लागली. तिच्या त्या भाकरी पातळ झाल्या, असं नंतर दोघी-तिघींनी म्हटलं. पण त्या खपल्या.

कंदुरीचं जेवण घरी न्यायचं नसतं, तिथंच संपवायचं. आणि जनावर ज्यानं राखलं त्याचं ताट पहिलं. छबुबाईनं मांसाचे चांगले तुकडे निवडून तिच्यापुढं ठेवले आणि समोर बसून राहिली. सगळी पंगत वत्सलाबाईच्या पहिल्या घासाची वाट बघत होती.

तिनं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली.

"कसं झालंय?"

"मीठ कमी हाय."

छबुबाई मीठ आणायला धावली. सायलीनं लेकरू वत्सलाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि ती वाढायला उठली. लेकरानं लगेच ताटाकडं हात टाकला. वत्सलाबाईनं डाव्या हातानं ताट दूर धरलं, मांडीनं लेकराला आवळलं, आणि वर न बघता, सावकाश, सगळं ताट संपवलं.