निवत घातलेली काजूबी

"फोड गो बेगीन, रवतस कित्याक?"

भाजलेल्या काजूबियांची टोपली समोर आली की माझी मैत्रीण मला कोपराने ढोसायची. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. बी निवल्यावरच फोडायची, नाहीतर आतला गर तुटतो. तिला तेवढा धीर नव्हता. गरम बी फोडायची, गर तुटायचा, आणि मुकादम बघायच्या आत तुकडा तोंडात. "पुरावो खंय आसा?" म्हणून गाल फुगवून हसायची.

बसमध्ये जागा असली तरी ती दाराशीच उभी. चुलीवर पेज उकळत असतानाच ताट घेऊन बसायची. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसले की आपलेही पाय हलू लागतात.

मग तिचे पोट उजवीकडे दुखू लागले. आई थकलेली, नवरा बोटीवर, म्हणून गोव्याच्या इस्पितळात मी सोबत गेले.

"यकृताचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "क्वचित दिसणारा प्रकार. तरुणपणीच होतो."

"मी दारयेक हात लावूक नाय!" ती उखडलीच.

"याचा दारूशी संबंध नाही."

"मगे कापा. आजच."

"गाठ मोठ्या शिरेला चिकटली आहे. आधी औषधांनी ती आकसायला हवी. मगच ऑपरेशन."

परतताना बांद्याजवळ एकदम माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "माका निवत घातल्यानी गो!"

सलाइनमधून औषध चालले. उलट्या झाल्या, केस गेले, तरी ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर तिच्या फेऱ्या चालूच.

"निवलंय काय गो मी?"

मी कपाळाला हात लावायची. "अजून गरम आसस." दोघी हसायचो. एकदा लपवून काजूचे तुकडे नेले. तिला गिळवले नाहीत. "तूच खा. पुरावो ठेव नको."

शेवटी फोटोत गाठ आकसलेली दिसली. ऑपरेशनसाठी निघालो त्या दिवशी ती बसमध्ये पहिल्यांदाच सीटवर बसली. उतरायचे ठिकाण आले, सगळे उतरले, ती उठेना. मीच घाई करू लागले.

"रव गो वायच," ती म्हणाली.

गाठ निघाली. पण मागून ताप चढला, तो उतरलाच नाही. ती परत आली नाही.

आता टोपली आली की मी बिया निवायची वाट बघते. थोड्या वेळाने पाय हलू लागतात. मग एखादी गरमच फोडते. गर तुटतो. इकडेतिकडे बघून तुकडा तोंडात टाकते.