पूजाच्या माहेरी दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, माझ्या पोटात राहणार नाही! (पूजा स्वतःच म्हणाली, लिही, फक्त नाव बदल. बदललंय.)

पूजा माझी पंचवटीतली शेजारीण, एकदम जवळची मैत्रीण. सातवा महिना लागला आणि ती बाळंतपणाला माहेरी निघाली, पेठला. दाजींना (तिच्या नवऱ्याला) सुट्टी नाही, म्हणून सोडायला मी. पेठ मी कधी बघितलंच नव्हतं!

एसटी सावळघाटात शिरली आणि दोन्ही बाजूंना खुरासणी (कारळा) फुललेली, डोंगरच्या डोंगर पिवळे. मी खिडकीतून फोटो काढत होते, आणि वळणावर उलटी झाली. मला! पूजा मस्त चिवडा खातेय. मागचे आजोबा म्हणाले, "पोटुशी नेमकी कोण हाय तुमच्यात?"

घरी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची डाळ. मी तीन भाकरी खाल्ल्या, शपथ.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नाव घालायला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "रक्त द्या. एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्ही बघू."

पूजाची आई उसळलीच. "नाशिकला झालंय की तिसऱ्या महिन्यात! आमच्या पोरीला असलं काय नाय."

"मावशी, ते तिसऱ्या महिन्यातलं. त्याच्यानंतर ही काय नवऱ्यापासून लांब राहिली का? सगळ्याच पोटुशींचं करतो आम्ही."

मावशी पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसल्या. मला मात्र राहवेना. सिफिलिस तर जुन्या काळातला आजार ना? मी विचारलंच.

"संपला असं वाटलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वी धंद्यातल्या बायका, ट्रकवाले, एवढ्यांचंच तपासा म्हणायचे. आता मोबाईलवर ओळखी होतात. कॉलेजची पोरं येतात, घरातल्या बाया येतात. तोंड बघून नाय कळत कोणाला हाय."

बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब टाकला. मी आपली पट्टीकडे बघत बसले. एचआयव्हीची बाजू कोरी, पण सिफिलिसच्या बाजूला दुसरी रेघ उमटली. मागे घरी प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पूजाने माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

"बाळाला?" एवढंच विचारलं तिने.

डॉक्टर मॅडमनी नीट सांगितलं. उपचार नाही केले तर बाळाला लागू शकतो, पोटातच दगावू पण शकतं. पण पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेत घेतलं तर बाळ वाचतं, आणि अजून वेळ आहे. दुसरं रक्त खात्रीसाठी लॅबला जाईल, पण इंजेक्शन आजच. जन्मल्यावर बाळाचंही रक्त तपासायचं. आणि नवऱ्यालाही तपासणीला, इंजेक्शनला बोलवा, नाहीतर त्याच्याकडून परत होईल.

पूजाने फोन लावला. "उद्या सकाळी पेठला या," म्हणाली आणि ठेवला.

दाजी बाईकवर आले. मावशींना काहीच माहीत नाही! जावई आला म्हणून औक्षण, चुलीवर कोंबडी. आणि जावयाला घेऊन आम्ही दवाखान्यात. सिस्टरनी सगळं सांगून त्यांचंही रक्त मागितलं.

"मला काय झालंय?" दाजी.

"मलाही काही झालं नव्हतं," पूजा म्हणाली.

दाजींनी चपलेकडे बघत बोट पुढे केलं. मग म्हणाले, "मधे एक फोड आला होता. दुखत नव्हता. आपोआप गेला."

"फोड जातो. आजार आत राहतो," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्याही पट्टीवर रेघ आली. फोड कुठून आला, ते पूजाने तिथे विचारलं नाही.

परत येताना दाजींची बाईक सासरवाडीलाच राहिली, कारण त्या इंजेक्शननंतर बसता येईना! एसटी अर्धी रिकामी, आणि दाजी नाशिकपर्यंत उभे. घाटात मी खिडकी सोडून त्यांच्याकडेच बघत होते. पिवळे डोंगर उतरल्यावर हळूच म्हणाले, "बाळ झाल्यावर न्यायला गेलो तर येईल ना ती?"

"बाळ नीट होऊ दे आधी," मी म्हणाले. "पुढचं तिला विचारा."

तेव्हापासून एकच डोक्यात आहे. पूजा माहेरी गेली नसती, तर परत कोणी तपासलं असतं का? तुमचं सांगा ना. तुमचं रक्त दुसऱ्यांदा घेतलं होतं का? आणि नवऱ्याचं कोणी मागितलं होतं?