भरल्या तिजोरीची झोळी

भरलेल्या तिजोरीसाठी इतक्या तळमळीनं हात पसरणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. आमचे फिजिक्सचे सर निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. कॉलेज चालवणारी संस्था त्यांच्या अंगात मुरली होती, आणि माजी विद्यार्थ्यांकडून तिच्यासाठी देणग्या गोळा करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. खरं तर त्या संस्थेला काय कमी होतं? देश खुला झाला, कॉम्प्युटरच्या कोर्सांना रांगा लागल्या, मॅनेजमेंटची काचेची इमारत उभी राहिली. नुसत्या ठेवींच्या व्याजावर आणखी एक कॉलेज सहज चाललं असतं. तरी महिन्यातल्या एखाद्या रविवारी सर लूनावरून सदाशिव पेठेतून थेट कात्रजला माझ्या दारात हजर. दार उघडलं की म्हणायचे, "सर्पोद्यानात निघालो होतो. वाटेत तू लागलास."

एकदा न राहवून मी विचारलं, "सर, एवढी श्रीमंत संस्था, आणि आमच्याकडे मागते?"

"अरे, श्रीमंताच्याच लग्नात आहेर जास्त येतो. गरीब संस्थेला द्यायला लोक घाबरतात, बुडेल म्हणून." मग चष्मा पुसत त्यांनी खरं दुखणं सांगितलं. ठेवी होत्या, पण प्रत्येक ठेवीला कुणाच्या तरी वडिलांचं नाव आणि एक अट चिकटलेली. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या बक्षिसासाठी ठेवलेल्या पैशातून गळका नळ बदलता येत नाही. "इमारत द्यायला माणसं रांगेत उभी असतात, दगडावर नाव येतं. झाडूवर संगमरवरी पाटी कुठे लावणार?" त्यामुळे इमारती जितक्या वाढायच्या तितकी झाडूंची टंचाई वाढायची, आणि सरांच्या खेपाही.

मागण्याची त्यांची रीत मात्र जगावेगळी. पहिल्या भेटीत पैसे घेणं त्यांना असभ्य वाटे. मी पाकीट काढलं की, "ठेव ते. मुंजीला आलोय का मी?" पुढच्या खेपेला प्रयोगशाळेसाठी एक ट्यूबलाइट मागायचे आणि त्याच्या पुढच्या खेपेला तिचा वृत्तान्त द्यायचे. "तुझी ट्यूब लागते छान. आधी जरा लुकलुकते, पण तूही वर्गात तसाच होतास." मग तिचा चोक, मग ती बदलायला शिडी. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "सर, काय काय हवंय ते एकदमच सांगा ना!" त्यावर उत्तर यायचं, "सूनबाई, एकदम जेवलं की अजीर्ण होतं. चहा मात्र आत्ता दे." तो चहा ते इतका सावकाश पीत की वर साय धरे. हा विद्यार्थी सध्या कुठे असतो, तो अमेरिकेहून परत का आला, सगळं सांगत. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली आणि मूलबाळ नव्हतं, हे मला दुसऱ्याकडूनच कळलं होतं.

पुढे आमच्या कंपनीचे शेअर वधारले आणि माझ्या हाती, न मिळवताच आलेत असं वाटायला लावणारे पैसे आले. असे पैसे मला टोचतात; शिक्षकांसमोर तर फारच. त्यात सरांचं वय, सातारा रस्त्यावरचे ट्रक, आणि त्यांच्यामधून ती लूना. मी प्रयोगशाळेच्या देखभालीला कायमचा पुरेल असा चेक त्यांच्या हातात ठेवला. नाव नको, अट नको. "सर, आता एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नका," मी मोठ्या प्रेमानं म्हणालो. त्यांनी चेक उलटसुलट करून पाहिला. "बरं केलंस," म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडचं काम संपलं." त्या दिवशी चहा त्यांनी गरम असतानाच पिऊन टाकला.

त्यानंतर ते आले नाहीत. पावती पोस्टानं आली.

सुरुवातीला रविवार मोकळा मिळाल्याचं मला बरंच वाटलं, हे लपवत नाही. मग बायको लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली आणि रविवारची सकाळ केवढी लांबलचक असते ते कळलं. एकट्यापुरता चहा मला अजूनही करता येत नाही; उरतोच. शेवटी मीच सदाशिव पेठेत गेलो. सरांनी दार किलकिलं करून विचारलं, "काय रे, पैसे परत मागायला आलास?"

"नाही सर. सहज."

"सहज? पुण्यात?" असं म्हणून त्यांनी आत घेतलं. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता; तो उचलून कुठे ठेवावा, हे त्यांना पटकन सुचेना. मग चहा टाकता टाकता पाठमोरेच म्हणाले, "मला नाही जमत बाबा. काम असलं की बेलवर हात जातो. नुसतं 'आलोय' म्हणून दारात कसं उभं राहायचं?"

माझाही हात त्यांच्या बेलवरून मागे आला होता, ते मी सांगितलं नाही. म्हणालो, "सर, वाचनालयातल्या खुर्च्या डुगडुगतात म्हणे."

ते गर्रकन वळले. "कोण म्हणालं? बघायला पाहिजे!"

आता रविवारी मी जातो. संस्थेची एकेक उणीव आम्ही काटकसरीनं वापरतो. खुर्च्या झाल्या, टाकीचं झाकण झालं, सूचनाफलकाची काच झाली. परवा मात्र सर बराच वेळ कप नुसता फिरवत बसले होते. मग घरात आजारपण आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "अरे, नवीन पोरांनी परदेशातून परस्पर पैसे पाठवलेत. वाट्टेल त्याला वापरा म्हणाली. तिथे आता कशाचीच कमी नाही."

"असं कसं होईल, सर? नीट आठवा."

आणि मग त्या श्रीमंत संस्थेत अजून काय नाही, ते आम्ही दोघं दुपारपर्यंत शोधत बसलो.