डोंगरावरचा आठवडा

आमच्या कोकणातल्या घराला बरेच वाटेकरी. गणपती दरवर्षी एकाच्या पाळीचा. पाळी कोणाचीही असो, घर सगळ्यांचं. बाप गेला की त्याचा वाटा पोराचा. त्यामुळे सुट्टीचे बंगले विकणाऱ्या कंपनीने हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं आणि त्यांचा टायवाला पोरगा म्हणाला, "काका, डोंगरावरच्या बंगल्यात दरवर्षी एक आठवडा तुमचा, पुढे तुमच्या मुलाचा," तेव्हा मला वाटलं, यात हा मला काय शिकवणार? आम्ही जन्मापासून हेच करतोय. गिरणीचे थकलेले पैसे तेव्हाच हातात आले होते. मुलाला न विचारता भरून मोकळा झालो. काळाचौकीत आमच्या चाळभर सांगितलं, आपला बंगला झाला.

नंतर कळलं, वाटा नव्हताच तो. नुसता राहायचा हक्क, आणि जा नाहीतर नका जाऊ, देखभालीचं बिल दरवर्षी. दोनदाच गेलो. तिथल्या जेवणाचे भाव बघून दुसऱ्या खेपेला सुनेने घरून चपात्या नेल्या.

मग मंदीत मुलाची नोकरी गेली. बिलाचा मेसेज आला की तो काही बोलायचा नाही, मोबाईल पालथा ठेवायचा. बोलला असता तर बरं झालं असतं. मी ठरवलं, विकून टाकायचा.

गिरणीतला माझा जोडीदार लालबागच्या मंडळात संध्याकाळी कॅरम खेळतो. त्याला विचारलं.

"बंगला विकतोस? का रे, डोंगर खचला काय?"

"गुडघे चालत नाहीत आता," मी थाप मारली.

"मग असाच दे."

"घे. वर्षाचं बिल तेवढं भर."

"म्हणजे मेल्या, घर नाय तुझं, आणि भाडं मात्र तुझं?"

सगळे हसले. चहा अर्धा टाकून मी उठलो.

शेवटी सुनेनेच शोधून काढलं, एक पैसाही न मागता सोडला तर कंपनी परत घेते. तिने फोन लावला, स्पीकर चालू केला.

"काका, परत करायचं कारण काय टाकू?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"तब्येत सांगा, बाबा," सून कुजबुजली.

फोनवरच्या मुलीने पुन्हा विचारलं, "आर्थिक अडचण टाकू का? हल्ली सगळे तेच सांगतात."

मुलगा दारातच उभा होता. त्याने मान खाली घातली. माझ्या मूर्खपणावर त्याच्या गेलेल्या नोकरीचं पांघरूण घालायचं?

"नाही. लिही, मला कळलं नव्हतं."

"तसं ऑप्शन नाहीये, काका."

"मग तुझ्या हाताने लिही. म्हाताऱ्याला घेताना कळलं नाही, आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली."

तिने काहीतरी टाईप केलं. मग म्हणाली, "इतर कारण म्हणून टाकते. चालेल?"

मी नुसती मान हलवली. फोनवर तिला ती दिसणार नाही, हेही सुचलं नाही. ‘हो’ सुनेनेच म्हटलं. मुलगा अजून दारातच होता. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.